सकाळी १० वाजून ४५ मिनिटे: एका सम्राटाच्या खड्याचा घटनाक्रम

९ जानेवारी १८७३. लंडनजवळ केंट परगण्यातल्या चिझलहर्स्ट गावी, कॅम्डेन प्लेस नावाच्या घरात, फ्रान्सचा पदच्युत सम्राट तिसरा नेपोलियन सकाळी १० वाजून ४५ मिनिटांनी मरण पावला. वय ६४. मूत्राशयात खडा होता. तो फोडण्यासाठी आठवडाभरात दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या. तिसरी त्याच दिवशी व्हायची होती.

मूत्रमार्गाचा एक्स-रे काढता यायला तेव्हा आणखी २३ वर्षे होती. डॉक्टरांपाशी रुग्णाचे सांगणे, लघवीचा रंग, बोटांची जाण आणि धातूची सळई एवढीच साधने होती. या साधनांनी काय सांगितले, कधी सांगितले आणि त्यावर कोणी काय ठरवले, त्याची ही नोंद.

१८६५, शालोंची लष्करी छावणी. उरलेली वर्षे: सात

सम्राटाला लघवीचा त्रास काही वर्षांपासून आहे. छावणीत दुखणे उसळते. लष्करी शल्यविशारद बॅरन इपोलीत लारे त्याला तपासतात. पहिल्या नेपोलियनबरोबर रणांगणे पाहिलेल्या दोमिनिक लारे यांचे हे चिरंजीव. त्यांना खड्याचा संशय येतो. मूत्राशयात सळई घालून खात्री करून घ्यावी, असे ते सुचवतात.

ही तपासणी जुनी आहे. पुढच्या टोकाला वाकवलेली धातूची सळई मूत्रमार्गातून मूत्राशयात सरकवायची आणि हलकेच फिरवायची. खड्याला टेकली की हाताला कठीण स्पर्श कळतो, कधी टक असा आवाजही ऐकू येतो. वेदना होतात, पण क्लोरोफॉर्म १८४७ पासून उपलब्ध आहे. धोका वेगळाच आहे. हत्यारे निर्जंतुक करण्याची पद्धत अजून आलेली नाही. सळईबरोबर जंतू आत जातात आणि ताप चढतो.

सम्राट नकार देतो. ही गोष्ट बाहेर जाऊ नये, अशी ताकीद देतो. लारे गप्प राहतात. दुखणे काही दिवसांनी ओसरते.

१३ ऑगस्ट १८६९. उरलेले दिवस: १,२४५

फ्रान्सचे युद्धमंत्री मार्शल नील मरण पावतात. त्यांच्याही मूत्राशयात खडा होता आणि मृत्यू त्यावरच्या शस्त्रक्रियेनंतर झाला. याच महिन्यात सम्राटही आजारी आहे. त्रास तोच आहे.

या मृत्यूची आठवण दरबारातल्या प्रत्येक डॉक्टरच्या मनात राहते. पुढच्या वर्षी निर्णयाची वेळ येईल तेव्हा ती त्यांच्यासोबत खोलीत असेल.

१ जुलै १८७०. उरलेले दिवस: ९२३

पाच डॉक्टर सल्लामसलतीला बसतात. नेलातों, रिकोर, फोवेल, कॉर्व्हिसार आणि जेर्मां से. 

ओग्युस्त नेलातों हे देशातले सर्वांत नावाजलेले शल्यविशारद. १८६२ मध्ये इटलीच्या गारिबाल्दीच्या घोट्यात गोळी आहे की नाही, यावर डॉक्टरांचे एकमत होत नव्हते. नेलातों यांनी टोकाला खरखरीत चिनी माती लावलेली सळई जखमेत घालायला सुचवले. सळई शिशाला घासली, टोकावर खूण उमटली आणि गोळी असल्याचे सिद्ध झाले. शरीराच्या आतले न पाहता ओळखण्याचे हे ठळक उदाहरण होते.

सम्राटाच्या बाबतीत सळई घालायला मात्र ते तयार होत नाहीत. सध्या तीव्र त्रास नाही, उन्हाळा जाऊ द्यावा, असे मत पुढे येते. नील यांच्या मृत्यूला अजून वर्षही झालेले नाही.

जेर्मां से या पाचांत वेगळे पडतात. ते शल्यविशारद नाहीत, वैद्यकाचे प्राध्यापक आहेत. लघवीतला पू, रक्त, वेदनांची जागा आणि त्यांचा क्रम यांवरून ते निष्कर्ष काढतात की खड्यामुळे मूत्राशयालाच नव्हे, वर मूत्रपिंडाच्या पोकळीलाही दाह झाला आहे. सळईने तपासणी आवश्यक आहे. आणि आत्ता तीव्र त्रास नाही म्हणूनच ही वेळ योग्य आहे.

दोन्ही बाजू एकाच लक्षणावर बोट ठेवतात. एकाला ते थांबण्याचे कारण वाटते, दुसऱ्याला ताबडतोब तपासण्याचे.

३ जुलै १८७०. उरलेले दिवस: ९२१

से अहवाल लिहून काढतात. खाली एकच सही आहे, त्यांची स्वतःची. बाकी चौघांच्या सह्या होत नाहीत.

अहवाल सम्राटाचे खासगी डॉक्टर आंरी कोनो यांच्याकडे जातो. कोनो जुने आणि विश्वासू आहेत. १८४६ मध्ये लुई नेपोलियन, म्हणजे पुढचा हाच सम्राट, आम येथील किल्ल्यातल्या कैदेतून पळाला, तेव्हा तो आजारी आहे, बिछान्यात आहे, असे पहारेकऱ्यांना सांगून वेळ काढणारे हेच कोनो. या वेळी ते आजाराबद्दल काहीच बोलत नाहीत. सम्राज्ञी युजेनीला या अहवालाचा पत्ता सम्राटाच्या मृत्यूनंतरच लागला, असे पुढे सांगितले गेले.

मूत्रपिंडापर्यंत आजार पोचला आहे, असे सांगणारा कागद या तारखेपासून अस्तित्वात आहे.

याच दिवसांत पॅरिसला दुसरी बातमी पोचते. स्पेनच्या रिकाम्या सिंहासनावर प्रशियाच्या राजघराण्यातला राजपुत्र बसवण्याचा घाट घातला गेला आहे.

१९ जुलै १८७०. उरलेले दिवस: ९०५

फ्रान्सचे युद्धघोषणेचे पत्र बर्लिनला दिले जाते. डॉक्टरांच्या बैठकीला अठरा दिवस झाले आहेत. युद्धाचा निर्णय घेणाऱ्या मंत्र्यांपुढे सम्राटाच्या प्रकृतीचा अहवाल आलेला नाही.

युद्ध खड्यामुळे झाले असे म्हणता येत नाही. त्याची कारणे पॅरिसच्या आणि बर्लिनच्या राजकारणात होती. पण सैन्याचे नेतृत्व कोण करणार, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या कागदाशी बांधलेले होते.

२८ जुलै १८७०. उरलेले दिवस: ८९६

सम्राट चौदा वर्षांच्या राजपुत्राला घेऊन सँ-क्लूहून रेल्वेने मेत्झकडे निघतो. सैन्याचे नेतृत्व त्याने स्वतःकडे घेतले आहे. सेनापतीला दिवसाचे अनेक तास घोड्यावर बसावे लागते.

२ ऑगस्ट १८७०. उरलेले दिवस: ८९१

सारब्रुकेनची चकमक. फ्रेंच सैन्य शहराजवळच्या टेकड्या घेते. सम्राट काही तास घोड्यावर आहे. उतरल्यावर त्याला नीट चालता येत नाही. जनरल लब्रँ यांच्या आधाराने तो पावले टाकतो.

मूत्राशयातला खडा पडून राहिलेल्या माणसात एका जागी स्थिर राहतो. घोड्याच्या प्रत्येक हिसक्याला तो मूत्राशयाच्या तोंडावर आदळतो. तिथले आतले अस्तर सोलवटते, लघवीतून रक्त जाते आणि लघवी अडते. हे त्या काळच्या डॉक्टरांना पाठ होते. ज्यांना ते ठाऊक होते, त्यांच्यापैकी कोणी सम्राटाला घोड्यावर बसण्यापासून अडवल्याची नोंद नाही.

दहा दिवसांनी, १२ ऑगस्टला, सम्राट नेतृत्व मार्शल बाझेन यांच्याकडे सोपवतो. पॅरिसला मात्र परतत नाही. सैन्याबरोबरच फिरत राहतो.

१ सप्टेंबर १८७०, सेदान. उरलेले दिवस: ८६१

पहाटे ४ च्या सुमारास बव्हेरियन तुकड्या सेदानजवळच्या बाझेय गावावर चालून येतात.

सकाळी ६ च्या सुमारास सेनापती मॅकमहॉन जखमी होतात. त्यानंतरच्या काही तासांत सैन्याचे नेतृत्व दोनदा हात बदलते.

सम्राट घोड्यावर बसून गोळीबाराच्या जागी जातो. सुमारे पाच तास तो खोगिरावर आहे. मध्येच उतरावे लागते. आज्ञा देण्याचा अधिकार त्याने सोडलेला आहे, त्यामुळे तिथे त्याच्या असण्याने लढाईत काहीच बदलत नाही.

दुपारी सेदानच्या किल्ल्यावर पांढरे निशाण चढवण्याचा हुकूम तो देतो. त्या दिवसातला हा त्याचा एकमेव परिणामकारक हुकूम ठरतो.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत शरणागतीवर सह्या होतात. सेदानला मिळून सुमारे एक लाख फ्रेंच सैनिक कैदेत जातात. ४ सप्टेंबरला पॅरिसमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा होते. ५ सप्टेंबरला सम्राट जर्मनीत कासेलजवळ विल्हेल्म्सह्योहच्या राजवाड्यात कैदी म्हणून पोचतो.

२० मार्च १८७१, चिझलहर्स्ट. उरलेले दिवस: ६६१

सुटका झालेला सम्राट इंग्लंडला येतो. घोडा सुटला, मोहीम सुटली. विश्रांतीने वेदना कमी होतात. कुटुंबाला वाटते, आजार उतरणीला लागला.

आत काय चालले असावे हे नंतर कळले. खडा मूत्राशयात असताना लघवी पूर्ण बाहेर पडत नाही. साचलेली लघवी मागे दाब देते. मूत्राशयाला मूत्रपिंडांशी जोडणाऱ्या दोन मूत्रवाहिन्या फुगतात. मग मूत्रपिंडाची पोकळी फुगते. फुगलेल्या पोकळीच्या भिंतीशी रक्त गाळणारा भाग दाबला जातो, पातळ होतो आणि मरतो.

यातल्या शेवटच्या टप्प्याला बहुधा वेदना नसतात. दुखणे कमी होते आणि मूत्रपिंड जात राहते. बाहेरून तपासणाऱ्या डॉक्टरला यातले काही दिसत नाही. बोटांना लागत नाही. सळई तर मूत्राशयापर्यंतच पोचते.

पुढचे वर्षभर हा या घटनाक्रमातला सर्वांत शांत काळ आहे.

डिसेंबर १८७२, नाताळच्या सुमारास. उरलेले दिवस: सुमारे १५

उन्हाळ्यापासून दुखणे पुन्हा वाढले आहे. फ्रान्सला परतण्याच्या हालचाली गुप्तपणे सुरू होत्या, असे सांगितले जाते. परतायचे तर सैन्यापुढे घोड्यावर बसून जावे लागणार आणि घोड्यावर बसणे आता अशक्य आहे.

सर विल्यम गल आणि सर हेन्री थॉम्पसन यांना बोलावले जाते. थॉम्पसन हे मूत्राशयातला खडा फोडण्यात युरोपातले अग्रगण्य नाव. १८६३ मध्ये बेल्जियमचा राजा पहिला लिओपोल्ड याचा खडा त्यांनी यशस्वीपणे फोडला होता.

क्लोरोफॉर्म दिला जातो. सळई आत जाते. खड्याला टेकते.

लारे यांनी हीच तपासणी सात वर्षांपूर्वी मागितली होती. से यांनी अडीच वर्षांपूर्वी मागितली होती. ती करायला काही मिनिटे लागतात.

सळई जे सांगू शकते ते सांगते. खडा आहे. मोठा आहे. मूत्रपिंडे कशी आहेत, हे सांगणे तिच्या आवाक्यात नाही. मूत्रपिंडे बिघडलेली असतील तर खडा फोडण्याची शस्त्रक्रिया जिवावर बेतते, हे थॉम्पसन यांच्यासारख्या शल्यविशारदाला चांगले ठाऊक आहे. पण ती पाहण्याचा मार्ग जगात कोणाकडेही नाही.

शस्त्रक्रिया ठरते.

२ जानेवारी १८७३. उरलेले दिवस: ७

पहिली शस्त्रक्रिया. भूल देण्याचे काम जोसेफ क्लोव्हर यांच्याकडे आहे. क्लोरोफॉर्मचे प्रमाण हवेत साडेचार टक्क्यांवर जाऊ नये, अशी मोजून भरलेली पिशवी वापरण्याची पद्धत त्यांनीच रूढ केली. भुलेत कोणतीही चूक झाल्याची नोंद नाही.

थॉम्पसन मिटलेल्या जबड्याचे हत्यार मूत्रमार्गातून आत घालतात. आत जबडा उघडतो, खडा धरतो आणि स्क्रू पिळला की खडा फुटतो. एका बैठकीत थोडेच फोडायचे, बाकीचे पुढच्या वेळी. फुटलेले तुकडे रुग्णाने लघवीवाटे स्वतः बाहेर टाकायचे. तुकडे त्याच बैठकीत धुऊन काढण्याची बिगेलो यांची पद्धत यायला अजून पाच वर्षे आहेत.

खडा फुटतो. पण अपेक्षेपेक्षा मोठा आहे. एका बैठकीत, दोन बैठकींत संपणारा नाही.

तुटलेल्या खड्याला आता धारदार कडा आहेत.

६ जानेवारी १८७३. उरलेले दिवस: ३

चार दिवस तुकड्यांनी मूत्रमार्ग चिडलेला आहे. लघवी करताना वेदना होतात. दुसरी शस्त्रक्रिया होते. आणखी काही भाग फोडून काढला जातो.

सुमारे अर्धा खडा अजून आत आहे.

७ आणि ८ जानेवारी १८७३. उरलेले तास: ६० पेक्षा कमी

रुग्ण गुंगीत जातो, जागा होतो, पुन्हा गुंगतो. मूत्रपिंडे रक्त गाळायची थांबली की असे होते. थकव्यानेही असे होते. क्लोरोफॉर्मनंतरही होते आणि झोपेच्या औषधानेही. यांतले कारण कोणते, हे त्या खोलीत ठरवता येत नाही.

८ जानेवारीच्या रात्री झोपेसाठी क्लोरल दिले जाते. रुग्णाला शांत झोप लागते. डॉक्टर घरातच मुक्कामाला आहेत.

तिसरी बैठक दुसऱ्या दिवशी घ्यायची असे ठरले आहे.

९ जानेवारी १८७३, सकाळी पावणेदहाच्या सुमारास. उरलेला वेळ: एक तास

डॉक्टर तपासतात. रात्र चांगली गेली आहे. नाडी ठीक आहे. मूत्राशयाच्या जागेची लक्षणे कालपेक्षा बरी आहेत. शस्त्रक्रियेचा बेत कायम राहतो.

सम्राज्ञी वुलिचला मुलाला भेटायला जाण्याच्या तयारीत आहे. राजपुत्र आता सोळा वर्षांचा आहे आणि तिथल्या लष्करी विद्यालयात शिकतो.

सकाळी १०.२५. उरलेली मिनिटे: २०

नाडी अचानक खाली जाते. हृदयाचे ठोके क्षीण होतात. सम्राज्ञीला थांबवले जाते. राजपुत्राला आणायला माणूस निघतो. गावच्या चर्चचे फादर गोडार्ड यांना बोलावणे जाते आणि ते मरणासन्न माणसासाठीचे अंतिम धार्मिक विधी करतात.

सम्राटाने या अखेरच्या वेळेत कोनो यांना सेदानबद्दल काही विचारले, असे सांगतात.

सकाळी १०.४५

मृत्यू.

राजपुत्र पोचतो तेव्हा सगळे संपलेले आहे.

१० जानेवारी १८७३. मृत्यूनंतर एक दिवस

शवविच्छेदन होते. जॉन बर्डन सँडरसन ते करतात. उपचार करणारे डॉक्टर हजर आहेत.

मूत्राशयात उरलेला अर्धा खडा सापडतो. वजन सुमारे पाऊण औंस, म्हणजे २१ ग्रॅमच्या आसपास. लांबी सव्वा इंच. शेजारी दोनतीन बारीक तुकडे आहेत. हृदय निरोगी आहे. मेंदू निरोगी आहे. हृदयात किंवा फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली नाही.

दोन्ही मूत्रवाहिन्या फुगलेल्या आहेत. दोन्ही मूत्रपिंडांच्या पोकळ्या फुगलेल्या आहेत. डाव्या बाजूची फूग इतकी आहे की मूत्रपिंडाचा काम करणारा भाग झिजून गेला आहे. त्याखेरीज अलीकडच्या दाहाच्या खुणाही आहेत.

अहवालात तीन गोष्टी नोंदवल्या जातात. खडा कित्येक वर्षे मूत्राशयात असला पाहिजे. मूत्रपिंडे या थराला बिघडली असतील असा संशय आला नव्हता, आणि आला असता तरी खात्री करून घेणे शक्य नव्हते. मूत्रपिंडांचा आजार इतका पुढे गेला होता की तो लवकरच जीव घेणार होता, शस्त्रक्रिया झाली असती किंवा नसती तरी.

मूत्रपिंडांचा उल्लेख असलेला ३ जुलै १८७० चा कागद थॉम्पसन यांनी शस्त्रक्रियेपूर्वी पाहिला होता, असे सांगणारी नोंद नाही.

८ नोव्हेंबर १८९५. मृत्यूनंतर २२ वर्षे १० महिने

जर्मनीत वुर्त्सबुर्गला विल्हेल्म राँटगेन यांना संध्याकाळी प्रयोगशाळेत नवे किरण सापडतात. मांसातून ते जातात, हाडात अडतात. हाडात कॅल्शियम असते. बहुतेक मुतखड्यांतही असते.

१८९६, ग्लासगो

जॉन मॅकिंटायर जिवंत रुग्णाच्या मूत्रपिंडातल्या खड्याचे एक्स-रे चित्र काढतात. किरणांच्या शोधाला अजून वर्ष झालेले नाही. ज्या प्रश्नासाठी सळई घालावी लागत होती, त्याचे उत्तर आता शरीराला हात न लावता मिळू शकते. निदान कॅल्शियमच्या खड्यांबाबत. शुद्ध युरिक आम्लाचा खडा साध्या एक्स-रेत दिसत नाही. तो असूनही फोटो कोरा येतो.

दुसरा प्रश्न शिल्लकच आहे. साध्या फोटोत खडा दिसतो, मूत्रपिंडाचे काम दिसत नाही.

१९०६

फोल्कर आणि फॉन लिख्टेनबर्ग मूत्रवाहिनीत नळी घालून, खालून वर औषध सोडून फोटो काढतात. फुगलेली पोकळी पहिल्यांदा फोटोत उमटते. पण पुन्हा नळी आली, पुन्हा जंतूंची भीती आली.

१९२९, बर्लिन. मृत्यूनंतर ५६ वर्षे

मोझेस स्विक हे तरुण अमेरिकन डॉक्टर युरोसेलेक्टान नावाचे आयोडीनयुक्त औषध शिरेतून देतात. आयोडीन किरण अडवते. रक्तातले औषध मूत्रपिंड गाळते आणि लघवीबरोबर खाली सोडते. त्या वाटेवर ठरावीक मिनिटांनी फोटो काढत जायचे. आपल्याकडे दवाखान्यांत याला आयव्हीपी म्हणत आले.

या तपासणीत घड्याळालाच अर्थ आहे. निरोगी मूत्रपिंडात औषध काही मिनिटांत दिसू लागते आणि मग मूत्रवाहिनीतून मूत्राशयात उतरते. वाट अडली असेल तर उशीर होतो. तासाने, दोन तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही फोटो घ्यावा लागतो. मूत्रपिंडाचा गाळणारा भाग झिजला असेल तर त्या बाजूला औषध जवळजवळ दिसतच नाही. तिथली रिकामी जागा हेच निदान असते.

चिझलहर्स्टच्या रुग्णाची ही तपासणी झाली असती तर उजवी बाजू उशिरा आणि फुगलेली दिसली असती. डावी बहुधा कोरी राहिली असती. शल्यविशारदाने हत्यार बाजूला ठेवून आधी लघवी नळीने मोकळी करून दिली असती आणि मूत्रपिंडांना वेळ दिला असता.

१० जानेवारी १८७३ च्या अहवालातले, खात्री करून घेणे शक्य नव्हते हे विधान १९२९ नंतर खरे राहिले नाही.

आज

आयव्हीपी आता क्वचित होते. पोटाची सोनोग्राफी पहिल्यांदा केली जाते, कारण तिच्यात किरणोत्सर्ग नाही आणि मूत्रपिंड फुगले असेल तर ते लगेच कळते. गरोदर बाईचीही ती करता येते. खड्याची नेमकी जागा आणि आकार पाहायला औषध न देता सीटी स्कॅन करतात. युरिक आम्लाचे खडेही त्यात दिसतात. साधा केयूबी एक्स-रे, म्हणजे मूत्रपिंडे, मूत्रवाहिन्या आणि मूत्राशयाचा औषधाविना फोटो, अजून उपयोगी आहे. आधी सापडलेला खडा खाली सरकला की तिथेच आहे, उपचारानंतर तुकडे उरलेत का, हे कमी खर्चात आणि कमी किरणोत्सर्गात त्यावरून पाहता येते. मात्र केयूबी स्वच्छ आला म्हणजे खडा नाही, असे धरून चालत नाही. आणि आयोडीनचे औषध द्यायचे असेल तर आधी रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारे मोजमाप, पाहावे लागते, कारण आधीच खचलेल्या मूत्रपिंडावर त्या औषधाचा भार पडू शकतो.

सम्राटाच्या बाबतीत चित्राचा उपयोग तारखेवर अवलंबून होता. जानेवारी १८७३ मध्ये चित्र मिळाले असते तर ती शस्त्रक्रिया टळली असती. माणूस वाचला असता की नाही, याबद्दल शवविच्छेदनाचा अहवालच आशा देत नाही. जुलै १८७० मध्ये किंवा १८६५ मध्ये मिळाले असते तर मूत्रपिंडे वाचवायला वेळ होता. त्या दोन्ही वेळी सळई हाताशी होती, सल्ला दिला गेला होता, आणि तपासणी पुढे ढकलली गेली. पहिल्यांदा रुग्णाने ढकलली, दुसऱ्यांदा डॉक्टरांनी. पहिल्यांदा दुखणे काही दिवसांत ओसरले. दुसऱ्यांदा त्या दिवशी फारसे दुखत नव्हते.

मुतखड्याचा रिपोर्ट हाती आला की घरोघरी पहिला प्रश्न खडा किती मिलिमीटरचा हा असतो. त्याच्या आधी मूत्रपिंड सुजले आहे का, दोन्ही काम करतात का आणि क्रिएटिनिन किती आहे, हे विचारावे. दुखणे थांबले म्हणून ठरलेला पुढचा फोटो टाळू नये. खड्याबरोबर थंडी वाजून ताप आला किंवा लघवी कमी झाली तर सकाळची वाट पाहू नये, त्याच रात्री रुग्णालय गाठावे.